मानेतली चीर आणि अडलेला घास

"तुमच्या मानेतली एक रक्तवाहिनी आतून फाटली आहे," सांगलीच्या हॉस्पिटलातले डॉक्टर कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाले.

मी फौजेतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. गोळी लागेल, बर्फात बोटं जातील, असल्या भीतीला सोबत घेऊन नोकरी केली. मान आतून फाटते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या वेळी मी त्याबद्दल काहीच विचारलं नाही. आवाज बसून घोगरा झाला होता. त्या आवाजात मी विचारलं, चहा कधी मिळेल?

डॉक्टरांनी आधी शालनकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे पाहिलं. मग म्हणाले, "काका, सध्या तोंडानं काहीच नाही. पाणीसुद्धा नाही."

ते 'सध्या' फार लांबलं. त्याचीच ही हकिकत. उद्या कुणावर अशी वेळ आली तर त्याला निदान माहिती असावी म्हणून लिहितो आहे.

सुरुवात अगदी किरकोळ होती. कटिंग-दाढी झाली की मान मोडून घ्यायची, ही माझी जुनी सवय. खुर्चीत डोळे मिटून बसायचं, एकदा डावीकडे कट्, एकदा उजवीकडे कट्, आणि मग जग हलकं वाटायचं. सलूनचा दुकानदार बिचारा हळू करायचा, मीच म्हणायचो, जरा जोरात. त्या खेपेला घरी आलो तर डाव्या बाजूला, कवटीच्या खाली, ठणका लागला. बाम चोळला, गरम पाण्याची पिशवी घेतली, उशी बदलली. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यावर मी गार्डांचा सुपरवायझर आहे. आठवडाभर तसाच ड्युटीवर गेलो. एका सकाळी गेटवर उभा असताना जमीन गरकन फिरली. उलट्या झाल्या आणि मी डाव्या अंगावर कोसळलो.

साताऱ्यातल्या दवाखान्यात आधी पित्त ठरलं, मग नुसती चक्कर. डोक्याचा सीटी स्कॅन स्वच्छ आला. घरी सोडायचं चाललं होतं, तेवढ्यात शालननं मला पाण्याचा घोट दिला आणि तो नाकातून बाहेर आला. बाजूला उभ्या असलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं. त्यांनी बॅटरी लावून मला 'आ' करायला लावलं, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, यांना आजच सांगलीला न्या. त्या मुलीचे उपकार मी विसरणार नाही.

आता जे मला समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्यांच्या दोन जोड्या मानेत असतात. पुढची जोडी कॅरॉटिड, हनुवटीखाली बोटं ठेवली की उडताना लागते ती. मागची व्हर्टेब्रल. ही मानेच्या मणक्यांना असलेल्या भोकांतून वर चढते, माळेच्या मण्यांतून दोरा जावा तशी. माझ्या डाव्या व्हर्टेब्रलचं आतलं अस्तर फाटलं होतं. याला डिसेक्शन म्हणतात. अस्तराखाली रक्त शिरलं, गुठळी झाली आणि मेंदूच्या अगदी खालच्या भागाचा पुरवठा तुटला. त्याचं नाव लॅटरल मेड्युलरी स्ट्रोक. हातपाय लुळे पडत नाहीत, म्हणून आधी कुणाला कळत नाही. पण त्या जागेवरून व्हेगस नावाची नस निघते. ती मानेतून खाली उतरते आणि घशाच्या स्नायूंना, आवाजाच्या पडद्याला हुकूम देते. माझ्या घशाची डावी बाजू त्या हुकमाविना झोपली होती.

मान पिळल्यामुळंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, कधीकधी साध्या झटक्यानंही होतं, असं डॉक्टर म्हणाले. शालन मात्र त्या दुकानदाराला जाब विचारायला पदर खोचून निघाली होती. मी तिला थांबवलं. जोरात मोड म्हणणारा मी होतो. पण वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो, मान कुणाकडून मोडून घेऊ नका. मान दुखते आहे आणि सोबत चक्कर, तोतरेपणा, गिळताना ठसका असं काही असेल तर बाम शोधत बसू नका.

रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. नाकातून पोटात नळी घातली, तिला राइल्स ट्यूब म्हणतात. गोळ्याही कुटून त्यातूनच. उचकी लागली की तासन्‌तास थांबत नसे. स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती, दिवसभर वाटीत थुंकत बसायचं. उजव्या अंगाला गार-गरम कळेनासं झालं. हे सगळं मी सोसलं. पण शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा मुलगा थर्मासमधून चहा ओतायचा ना, तेव्हा मला भिंतीकडे तोंड करावं लागे. माणसाला चहाची एवढी आस लागते याची लाज वाटायची. फौजेत दोन-दोन दिवस उपाशी काढले होते, पण तेव्हा पुढं कधीतरी खायला मिळणार हे ठाऊक होतं. इथं तेच ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी सोडताना स्पष्ट सांगितलं. नाकातली नळी कायम ठेवता येत नाही. पुढच्या तपासणीपर्यंत गिळणं आलं नाही तर पोटाला भोक पाडून तिथून नळी घालायची, तिला पेग म्हणतात. त्यात भिण्यासारखं काही नाही, पुष्कळ लोक तशी नळी घेऊन चांगले जगतात, असंही म्हणाले. मला पटलं नाही. पोटाला नळी लागली की आपण ताटावरून कायमचे उठलो, एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं.

घरी साताऱ्याला आलो. शालन मोठ्या सिरिंजनं नळीतून दूध, गाळलेली पेज, डाळीचं पाणी घालायची. पोट भरायचं, पण भूक कुठंतरी जिभेवरच बसून राहायची. मला पक्वान्नं आठवत नव्हती. तव्यावरून उतरलेल्या भाकरीचा पापुद्रा आठवायचा. माठातलं पाणी आठवायचं, तांब्या वर धरून घटाघटा प्यालेलं. मिरचीचा खरडा आठवायचा आणि डोळ्यांत पाणी यायचं, खरडा नसतानाच.

एक गोष्ट माझ्या उशिरा ध्यानात आली. घरात फोडणीचा वास येत नव्हता. भाकरी थापल्याचा आवाज नव्हता. मला वाटलं, मला त्रास नको म्हणून मागच्या दारी चूल मांडली असेल. लोणंदला दिलेली आमची मुलगी वैशाली भेटायला आली आणि आईला बघून दारातच थबकली. शालनच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. वैशाली माझ्यापाशी बसून दबक्या आवाजात म्हणाली, "अण्णा, आई जेवत नाही. शिळी भाकरी पाण्यात बुडवून कधीतरी खाते. शेजारच्या काकू सांगत होत्या, परवा नळावर तिला घेरी आली."

शालन माझ्याआधी कधी जेवत नाही. पलूसकडच्या तिच्या माहेरची रीत. मी पुष्कळदा चेष्टा केली होती, की मी एखाद्या दिवशी उशिरा आलो तर तू भुकेनं मला शिव्या देत असशील. पण आता मला भयंकर राग आला. तिला समोर बसवलं आणि म्हणालो, मी फौजेत होतो तेव्हा वर्षावर्षानं घरी यायचो. तेव्हा काय उपाशी राहत होतीस?

ती पदराशी चाळा करत म्हणाली, "तवा तुमी तिकडं जेवत हुता. मला ठावं हुतं."

मग म्हणाली, "आता समोर हायसा, आन् तोंडात कायबी न्हाई. नळीनं घालत्यात ते काय जेवान हाय व्हय?"

माझा राग कुठल्या कुठं गेला.

गिळायला शिकवणाऱ्या एक बाई आठवड्यातून एकदा यायच्या. त्यांना स्वॉलो थेरपिस्ट म्हणतात. साठीला टेकलेल्या माणसाला कुणी गिळायला शिकवतंय यावर मी आधी हसलो होतो. जीभ बाहेर धरून गिळायचं, उताणं झोपून नुसतं डोकं उचलायचं, असला व्यायाम. तो मी परेडसारखा करत होतो. मी त्यांना शालनचं सांगितलं आणि विचारलं, ती माझ्यासमोर जेवली तर चालेल का? त्या म्हणाल्या, "चालेल काय, फायदाच होईल. वासानं लाळ सुटेल. ती वाटीत टाकू नका. मान डावीकडे वळवा आणि गिळून टाका."

डावीकडे का, तर मान त्या बाजूला वळवली की झोपलेली बाजू मिटते आणि घास जाग्या बाजूनं खाली जातो.

दुसऱ्या दिवशी मी हुकूम सोडला. माझ्या नळीच्या वेळेलाच शालननं ताट वाढून घ्यायचं आणि माझ्यासमोर बसून जेवायचं. ती नाही म्हणाली. मी म्हणालो, हे औषध आहे, बाईंनी सांगितलंय. औषध म्हटल्यावर तिचा नाइलाज झाला. पहिल्या दिवशी तिनं वांग्याचं भरीत केलं. लसणाची फोडणी पडली आणि माझ्या तोंडात लाळेची धार लागली. शालन घास हातात धरून रडायला लागली. इकडं मी मान डावीकडे वळवून ठसकत होतो. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, या दोघांचं भांडण झालंय.

रोज असं चाललं. ती अर्धी भाकरी खायला लागली, मग एक. मला ठसके कमी यायला लागले. तिच्या ताटाकडे मी जसं बघत असे तसं माणूस देवाकडेही बघत नाही. हाव होती ती, खोटं कशाला बोलू. पण नुसती भाकरीची नव्हती. तिच्याबरोबर ताटावर बसण्याची होती. फौजेच्या नोकरीत ती वर्षं निघून गेली, आणि निवृत्तीनंतर आता बसू म्हणावं तर हे असं.

तपासणीला सांगलीला गेलो. नाकातून बारीक कॅमेरा घशात सोडला आणि निळा रंग घातलेलं घट्ट दही चमच्यानं जिभेवर ठेवलं. किती दिवसांनी जिभेला आंबट लागलं. मान डावीकडे वळवली, सगळा जोर लावला. डॉक्टर पडद्याकडे बघत होते. म्हणाले, "गेलं. श्वासनलिकेत थेंब नाही. पेगचं आता राहू दे."

पण सगळं पूर्ववत झालं असं नाही. पातळ पदार्थ घशाला सगळ्यात अवघड, हे मला तेव्हा कळलं. घास जमतो, पाणी जमत नाही. आजही मी पाण्यात पावडर घालून ते घट्ट करून चमच्यानं खातो. होय, पाणी खातो. चहाही तसाच. माठाकडे बघून अजून जीव कासावीस होतो. डॉक्टर म्हणतात, वर्षभर सुधारणा होत राहते. मी वाट बघतो आहे.

नाकातली नळी काढली त्या दिवशी शालननं घोटलेलं घट्ट वरण आणि मऊ भात केला. दोन ताटं घेतली. ती नेहमीसारखी ओट्याच्या बाजूला, माझ्या उजवीकडे बसली. मी चमचाभर तोंडात घेतलं, मान डावीकडे वळवली आणि भिंतीकडे बघत गिळलं. गेलं. वळून पाहिलं तर तिचा घास तसाच हातात होता.

"गेलं," मी म्हणालो.

"मला कुठं दिसलं," ती म्हणाली.

मी दुसरा चमचा भरला. तेवढ्यात ती ताट उचलून उठली, मला वळसा घालून भिंतीकडे गेली आणि माझ्या डावीकडे मांडी घालून बसली.

"हं, गिळा आता," ती म्हणाली.

मी मान वळवली. समोर तिचा चेहरा होता. मी गिळलं. माझा कंठ खाली-वर झालेला तिनं नीट पाहिला, आणि मग तिनं तिचा घास घेतला.