निरंक नव्हे, शून्य

मोबाइलच्या पडद्यावर ताई पांढरा फुगा दोन्ही हातांनी धरून उभी होती. मागे नुसता बर्फ. उत्तर ध्रुवाजवळच्या केंद्रावर ती हवेतला ओझोन मोजते. फुग्याखाली छोटं यंत्र लोंबत होतं.

"आज पुन्हा फुगा?" मी विचारलं.

"काल जमिनीलगतच्या हवेत ओझोन शून्य आला. कचेरीतले साहेब फोनवर म्हणाले, शून्य कसं येईल? यंत्र बिघडलंय. आकड्याऐवजी निरंक लिहा आणि मोकळ्या व्हा. म्हणून आज नवं यंत्र लावलंय."

माझं डोकंच फिरलं. निरंक! कचेऱ्यांचा हा लाडका शब्द. आमच्या नदीवर कारखान्याचा फेस तरंगत असतानाही तक्रारींपुढे निरंकच लिहिलेलं असायचं. शून्य म्हणजे बघितलं आणि काही सापडलं नाही. निरंक म्हणजे बघायचंच नाही. लांबलचक रात्र संपून ध्रुवावर सूर्य परतला, की बर्फावरच्या समुद्री मिठातलं ब्रोमीन खालच्या हवेतला ओझोन खाऊन टाकतं. हे साहेबांनाही ठाऊक आहे. तरीही नेहमीसारखं नाही ते खोटं ठरवायचं, ही कुठली मस्ती? आभाळानं काय तुमची परवानगी घेऊन वागायचं?

"ताई, निरंक लिहायचं नाही!"

"ओरडू नकोस, फुगा घाबरेल," म्हणत तिनं हात काढून घेतले. फुगा वर निघाला. यंत्राकडून संगणकावर येणाऱ्या आकड्यांकडे ती बघत राहिली.

"यंत्र नवं, आकडा तोच. शून्य," ती शांतपणे म्हणाली. "मी शून्यच लिहिणार. निरंक हवं असेल तर साहेबांनी या थंडीत येऊन स्वतःच्या हातानं लिहावं."