चवडा, टाच आणि गुडघे

बोम्मसंद्रातल्या कारखान्यात मी स्कूटरवरून जात असे. मामेभाऊ परदेशी गेला, तेव्हा त्याची स्पोर्ट बाइक मी घेतली. स्कूटरवर माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो. या गाडीचं हँडल खाली, फूटरेस्ट उंच आणि मागे. कारखान्यात पोचेपर्यंत मनगटं बधिर व्हायची. अशा गाड्यांवर तसं होतच असेल, असं मी धरून चालले.

एका सकाळी फ्लायओव्हरवरून उतरताना डावीकडचं वळण घेतलं आणि बुटाचं टोक रस्त्याला घासलं. पाय मागे खेचला गेला. गाडी डुलली, मग सावरली. पडले नाही, पण बुटाची पुढची शिवण उसवली होती.

कारखान्यातल्या एकाने बाइक चालवायला शिकवणाऱ्या बाईचा पत्ता दिला. ती माझ्याहून लहान होती. तिने मला गाडी सुरूच करू दिली नाही. स्टँडवर सरळ उभ्या केलेल्या गाडीवर बसवलं आणि हिंदीत म्हणाली, "आता हात सोडा."

सोडले, तशी मी छातीने टाकीवर आदळले.

"एवढं वजन मनगटांवर होतं. आता पाय बघा."

तळव्याचा मधला भाग फूटरेस्टवर होता आणि बोटं बाहेर, खाली लोंबत होती.

"चवडा टेकवा. टाच आत, गाडीला लागू दे. गिअर बदलायला पाय पुढे न्या आणि लगेच मागे घ्या. गुडघ्यांनी टाकी धरा. हँडलवर हात नुसते ठेवायचे."

घरी आल्यावर इमारतीच्या पार्किंगमध्ये मी सराव सुरू केला. वडिलांना, म्हणजे अण्णांना, ही गाडी पसंत नव्हती. ती आल्यापासून त्यांनी तिच्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. भाजीची पिशवी घेऊन ते आत आले आणि थांबले.

"कुठं निघालीस?"

"कुठं नाही. बसायला शिकतेय."

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि गाडी मागून धरली. "हात सोड बघू. पडलीस. स्वल्प मागं सरक."

मग रोजच संध्याकाळी ते खाली यायला लागले. हळूहळू पोट आणि मांड्यांच्या जोरावर मला वाकून राहता येऊ लागलं. मनगटांचा त्रास गेला. वळणावर पाय कुठे आहे, हे न बघता कळू लागलं.

एका रविवारी अण्णा म्हणाले, "उतर. मी बघतो."

पलीकडे पाय टाकायलाच त्यांना वेळ लागला. मग तो पाय खाली हवेत चाचपडत राहिला.

"फूटरेस्ट कुठाय?"

"मागं, अण्णा."

मी घोटा धरून त्यांचा पाय वर ठेवला. घोटा मला वाटलं होतं त्याहून बारीक होता. चवडा टेकवला, टाच आत वळवली. त्यांनी हात सोडले आणि लगेच टाकीवर पडले.

"हे सगळं पोटाचं काम आहे तर," टाकीवर पडल्यापडल्याच ते म्हणाले. मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, पण तोंड दिसत नव्हतं.

उतरताना मांडीत गोळा आला. पुढचे काही दिवस ते लंगडत होते. आईने विचारलं, तेव्हा जिन्यात पाय मुरगळला म्हणाले. मी शेजारीच जेवत होते. मी आमटीचं भांडं त्यांच्याकडे सरकवलं.