अम्माच्या पायाचा स्कॅन

अम्मा ब्लाउज शिवायची. तंजावुरात राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत तिचं पायमशीन दिवसभर चालायचं. साखरेचा आजार तिला बरीच वर्षं होता, पण त्याचं तिला काही वाटत नसे. सकाळी गोळी घेतली की झालं.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत तिचा उजवा पाय दुखायला लागला. बाजारात जाताना पोटरी भरून यायची. मग ती कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर टेकायची. जरा वेळाने दुखणं आपोआप जायचं आणि ती पुन्हा चालू लागायची. "मशीन मारून शिणलाय पाय," असं ती म्हणायची आणि आम्हाला ते पटायचं. अप्पा तेव्हा कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त होऊन घरीच होते. ते तिला रोज संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी भरून द्यायचे.

एकदा पिशवीतलं पाणी जास्त गरम होतं. साखरेमुळे तिचे तळपाय बधिर झालेले, त्यामुळे तिला ते कळलंच नाही. सकाळी अंगठ्याची कातडी सोललेली दिसली. जखम भरेना. हळूहळू तिच्या कडा काळ्या पडायला लागल्या, तेव्हा मी बँकेतून रजा काढून तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी जखम नुसती पाहिली. मग पायाच्या वरच्या बाजूला बोटं ठेवली, घोट्याच्या मागे ठेवली, आणि बराच वेळ तशीच धरली.

"इथे नाडी लागत नाही," ते तमिळमध्ये म्हणाले. "डॉप्लर स्कॅन करून घ्या. पायात रक्त कुठवर पोचतंय ते कळेल."

त्या वर्षांत तंजावुरात सारखं काहीतरी नवं उघडत होतं. एसटीडी बूथ, केबलवाले, आणि आता स्कॅन सेंटरं. अम्मा त्याआधी कधी स्कॅनला गेली नव्हती. शेजारच्या मामींचं पोटाचं स्कॅनिंग झालं होतं, त्यांनी तिला बजावलं, "स्कॅनला उपाशीपोटीच जायचं असतं." अम्माने साखरेची गोळी घेतली आणि काही न खाता माझ्याबरोबर निघाली. हे तिने मला सांगितलं नाही. तिथल्या बाकावर बसल्या बसल्या तिला दरदरून घाम सुटला, बोलणं अडखळायला लागलं आणि ती माझ्या खांद्यावर कलंडली. नर्सने धावत जाऊन साखर घातलेली कॉफी आणली, तेव्हा कुठे ती भानावर आली.

"पायाच्या स्कॅनला उपाशी कशाला राहिलात?" स्कॅन करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते पोटासाठी सांगतात."

त्यांनी अम्माला आडवं केलं, नऊवारीच्या निऱ्या वर घ्यायला लावल्या आणि मांडीपासून घोट्यापर्यंत गार चिकट जेली लावली. मग हातातल्या साबणाएवढ्या यंत्राने जांघेपासून खाली दाबत दाबत जाऊ लागल्या. आधी डावा पाय. यंत्रातून आवाज येत होता, कोणी ठेका धरून धुणं आपटावं तसा. मग उजवा. मांडीत तोच आवाज थोडा दबका आला. गुडघ्याच्या मागे तो बारीक झाला, आणि पोटरीत नुसतं फटीतून वारं जावं तशी सुरसुर राहिली. डॉक्टरीणबाई त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरत राहिल्या.

अम्मा मान वळवून पडद्याकडे पाहत होती. "ते निळं काय गे? विष चढलंय की काय?"

मी ते तमिळमध्ये विचारलं. "रंग यंत्रच देतं," बाई म्हणाल्या. "रक्त यंत्राकडे येतंय की लांब जातंय एवढंच त्यावरून कळतं. निळं म्हणजे वाईट असं नाही. हलू नका, अम्मा."

घरी आल्यावर अम्मा खुशीत होती. "मुळीच दुखलं नाही," ती अप्पांना सांगत होती. "सुई नाही, काही नाही."

रिपोर्टात गुडघ्यामागची रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाल्याचं लिहिलं होतं. आमचे डॉक्टर म्हणाले, मद्रासला जा, रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवा, उशीर करू नका. मी तिकिटं काढायला निघाले तर अम्मा अडून बसली.

"आता पोटरी दुखत नाही. मग मद्रासला कशाला?"

जखमेमुळे ती घरातच बसून होती. चालणं नाही म्हणून दुखणं नाही, हे मी तिला समजावलं, अप्पांनी समजावलं, डॉक्टरांनीही सांगितलं. ती ऐकेना. "थोडे दिवस बघू," हेच धरून बसली. त्या दिवसांत अंगठा काळा पडला, मग शेजारचं बोट. पायाला वास यायला लागला आणि ताप चढला, तेव्हा आम्ही तिला जवळजवळ उचलूनच मद्रासला नेलं. सर्जननी पाय पाहिला, हात धुतले आणि अप्पांना बाहेर बोलावलं. थोडं आधी आला असतात तर रक्ताला दुसरी वाट काढून देता आली असती, ते म्हणाले. आता गुडघ्याखाली कापावा लागेल.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिची वेणी घालत होते.

"मजला एक सांग," अम्मा म्हणाली. "ते यंत्र पुन्हा एकदा फिरवलं असतं तर नसतं का भागलं? पहिल्या वेळी किती आराम पडला होता."

माझे हात थांबले. स्कॅन म्हणजे शेक देण्यासारखा काही उपचार आहे, असं ती इतके दिवस धरून चालली होती. झाला इलाज, आता गुण यायची वाट पाहायची, एवढंच तिच्या मनात होतं. आम्हा सगळ्यांना ती हट्टी वाटली होती.

"अम्मा, ते यंत्र फक्त बघतं," मी म्हणाले. "बरं करत नाही."

वेणी झाल्यावर तिने तोंड भिंतीकडे केलं.

पाय गेला. सर्जननी घरी पाठवताना सांगितलं की जे पायाच्या नळ्यांत झालंय ते हृदयाच्या नळ्यांतही असू शकतं, जपा. आम्ही जपलं. तरी पुढच्या उन्हाळ्यात, दुपारी अप्पांना ताक देता देता ती छातीला हात लावून खाली बसली आणि गेली.

तेराव्याला पापनाशमहून तिची धाकटी बहीण आली होती. तिलाही साखर होती. सगळे पांगल्यावर ती मला हळूच म्हणाली, "चालताना माझी पण पोटरी भरून येते गे."

मी तिला परत जाऊ दिलं नाही. त्याच आठवड्यात स्कॅनला नेलं. सकाळी इडली खायला घातली, सैल कपडे दिले, आणि टाउन बसमध्ये सगळं सांगितलं. जेली गार लागेल. दुखणार नाही. उताणं, पालथं व्हायला सांगतील. रंगांना घाबरू नको. आणि घरी येऊन बरं वाटलं तरी ते स्कॅनने नव्हे, डॉक्टर पुढे काय म्हणतात ते ऐकायचं. गरम पाण्याची पिशवी घरात ठेवायचीच नाही.

तिची रक्तवाहिनी अरुंद झाली होती, बंद नव्हती. गोळ्या आणि रोजचं चालणं यांवर भागलं.

स्कॅनच्या दिवशी बसमधून उतरायच्या आधी तिने मला विचारलं होतं, "हे अक्काला कोणी सांगितलं नव्हतं का?"

"तिने विचारलं नाही," मी म्हणाले. "आणि तिला हे ठाऊक नसेल, असं आमच्यापैकी कोणाला वाटलंच नाही."