मशीनची माफी

आमच्या संत्रा सोसायटीच्या नागपूर ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, त्याच्याबरोबर तो चालवणारे हे गृहस्थही आले. बोलण्याआधी घसा खाकरायचे, खुर्चीच्या काठावर बसायचे आणि फ्लॉपी दोन्ही हातांत धरून चालायचे. ट्रकभरणीच्या शीटमध्ये त्यांनी एक मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, घातला होता. कळ दाबली की कोणाच्या पेट्या कोणत्या ट्रकात, ते छापून यायचं.

नरखेडच्या आमच्या ट्रकभरणी केंद्रावर ते पहिल्याच दिवशी अडलं. मॅक्रोला लागणारी दुसरी फाइल नागपूरच्या कॉम्प्युटरमध्येच राहिली होती. पेट्या उन्हात होत्या. मी हाताने यादी करून ट्रक सोडले, तोवर हे भिंतीकडे तोंड करून उभे होते.

त्यानंतर त्यांचा मॅक्रो आधी ती फाइल शोधू लागला. सापडली नाही तर स्क्रीनवर रोमन अक्षरांत यायचं : माफ करा, फाइल इथे नाही, चूक माझी आहे.

"हे कशाला?" मी विचारलं.

"नाहीतर तिथल्या ऑपरेटरले बोलणी बसतात, मॅडम."

पुढच्या हंगामात केंद्रावरचा कॉम्प्युटर बदलला आणि ती दुसरी फाइल जुन्यातच गेली. आम्ही कोणीच त्यांना कळवलं नाही. ते नुसतं शीट घेऊन आले, बागायतदारांसमोर कळ दाबली आणि तेच वाक्य उमटलं. ऑपरेटरने ते मोठ्याने वाचलं.

"पाह्य गा, मशीन माफी मागून राहिली!" एक म्हातारा बागायतदार खो खो हसला.

यांचे कान लाल झाले. कळवायचं आम्हीच राहिलो, हे मी सांगणार तोच त्यांनी घसा खाकरला.

"मशीन नाही काका, मी मागून राहिलो."