लाल पेन घेऊन मिनिकॉयला

मिनिकॉयला मी समुद्र बघायला गेले नाही, माफी मागायला गेले. हे पोलीस ठाण्यात सांगता येईना, म्हणून परवान्याच्या अर्जात ‘पर्यटन’ असं लिहिलं.

मी कुंभकोणमच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. लक्षद्वीपवर दहा गुणांचा ठरलेला प्रश्न असायचा: भूगोल, लोक, शासन, अर्थव्यवस्था. मी स्वतः समुद्रात घोट्यापलीकडे पाय घातला नव्हता, पण तोरा असा, जणू ती बेटं माझ्याच परसात आहेत! एके वर्षी नववीत फरीदा आली, मावशीकडे राहून शिकायला. तिचे वडील त्यातल्याच मिनिकॉय बेटाच्या दीपगृहात नोकरीला होते, तिचं लहानपण तिथलंच. तिनं तीन पानं उत्तर लिहिलं. ‘आमच्या बेटावर महल भाषा बोलतात.’ पुस्तकात मलयाळम होतं, म्हणून मी फुली मारली. ‘गावात एक मोठा पुरुष असतो आणि एक मोठी बाई, तिच्या शब्दाशिवाय गावची कामं हलत नाहीत.’ हे पुस्तकात नव्हतंच. फुली! दहापैकी तीन गुण दिले आणि खाली शेरा लिहिला: गोष्टी नकोत, पुस्तक वाच.

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा कळलं, पोरीचा शब्द न् शब्द खरा होता. मग ते तीन गुण मला भातातल्या खड्यासारखे टोचायला लागले. फरीदा आता मिनिकॉयच्याच एका माणसाशी लग्न करून तिथल्या शाळेत समाजशास्त्र शिकवते. जुन्या विद्यार्थिनींच्या ग्रुपवर तिनं लिहिलं, “टीचर, एकदा या ना.” आमच्या ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, “ह्या वयात कुठे चाललीस बुडायला?” आणि स्वतःच बॅग शोधायला माळ्यावर चढले.

तिच्यासाठी कॉफीपूड घ्यायला आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. आमच्या घरी मराठी बोलतात, इकडच्या मराठ्यांच्या राज्यापासूनची. पण उंबरा ओलांडला की आम्ही नवराबायको एकमेकांशीसुद्धा तमिळच बोलतो. का, ते विचारू नका. सगळे तसंच करतात.

जाणाऱ्यांसाठी कामाचं सांगते. बेटावर जायला परवाना लागतो. तिथला कोणी बोलावणारा असेल तर सोपं, तरी दीडदोन महिने हातात ठेवा. पावसाळ्यात जाऊ नका. कुंभकोणमहून एर्णाकुळमपर्यंत रेल्वेनं जा, पुढे कोचीहून जहाज. जहाजाची तारीख बदलते, म्हणून परतीचं रेल्वे तिकीट घाईनं काढू नका. आम्ही काढलं होतं, वाया गेलं. बंकचं, म्हणजे नुसत्या झोपायच्या फळीचं, भाडं आमच्या पेन्शनला झेपलं. केबिनचं ऐकून ह्यांनी चष्मा काढून पुसला.

‘हिवाळ्यात अरबी समुद्र शांत असतो,’ हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. कोचीचं बंदर मागे पडलं आणि मी जी आडवी झाले, ती दुसऱ्या दिवशीच उठले. हे शेजारी बसून दहीभात खात विचारत होते, “शांत आहे ना गं?” अस्सा राग आला!

मिनिकॉय मात्र बघावं असंच आहे. चंद्रकोरीसारखं चिंचोळं बेट, नारळच नारळ, एका बाजूला खवळलेला समुद्र, दुसरीकडे हिरवं निवांत पाणी. नदी एकही नाही. फरीदा जेटीवर उभी होती, डोक्यावर ओढणी, चष्मा माझ्यापेक्षा जाड. “टीचर, बारीक झालात,” म्हणाली. उलट्या करून करून झाले होते, पण कौतुक म्हणून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पायी फिरवून प्रश्नातले चारही मुद्दे दाखवले. अर्थव्यवस्था म्हणजे ट्यूना: गळानं एकेक ओढून काढायचा, उकडायचा, धुरी द्यायची, वाळवायचा. वास असा की आमच्या वैष्णव नाकांनी हात टेकले. तिनं आमच्यासाठी नवं पातेलं काढलं होतं. नारळभात, नारळाची चटणी, नारळाची खीर. शासन म्हणजे दिल्लीनं नेमलेला प्रशासक आणि अख्ख्या लक्षद्वीपचा मिळून एक खासदार. पण ज्या घरासमोर गावातले चारचौघे अदबीनं उभे होते, तिथे आतून एक म्हातारी हुकूम सोडत होती. फरीदा हळूच म्हणाली, “ही गावची मोठी बाई.” माफी अगदी ओठांवर आली होती, आणि मी काय विचारलं? “नारळ केवढ्याला जातो?” शिकवण्याच्या बाबतीत मी वाघीण, चूक कबूल करायला शेळी.

तिसऱ्या दिवशी तिनं मला वर्गात नेलं. माझ्या मानासाठी मुलांकडून पुस्तकातून वाचून कुंभकोणमवर इंग्रजीत दहा ओळी लिहून घेतल्या होत्या. “टीचर, तुम्हीच तपासा,” म्हणत लाल पेन हातात दिलं. पहिलीच वही एका चुणचुणीत मुलीची. देवळं बरोबर, कावेरी बरोबर, विड्याची पानं, पितळेची भांडी, सगळं बरोबर. सातवी ओळ: ‘तेथील लोक तमिळ बोलतात.’

मी म्हटलं, “काही घरांत मराठीही बोलतात, बाळ.”

ती उभी राहिली. अगदी नम्रपणे म्हणाली, “टीचर, पुस्तकात तसं नाही.”

“अगं, पण मी स्वतः बोलते!”

“पुस्तकात नाही, टीचर.”

मी फरीदाकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. सगळा वर्ग माझ्या पेनाकडे बघत होता.

“फरीदा,” मी म्हटलं, “तुझं उत्तर बरोबर होतं. तीनही पानं. मी चुकले गं.”

तिनं खिडकी सोडून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “त्यानंतर कुंभकोणमला मी बेटाचं कुणाशी बोलले नाही, टीचर. मावशीशीसुद्धा नाही. वाटायचं, आपलंच काही चुकत असेल.” आणि माझ्या हातातलं पेन काढून घेऊन तिनं त्या मुलीला बसायला सांगितलं. मला वाटलं होतं, माफी मागितली की हलकं वाटेल. कसलं काय! जास्तच रडू आलं.

येताना समुद्र खरंच शांत होता. ह्यांनी ते चारदा बोलून दाखवलं.

घरी आल्यावर काय उरलं म्हणाल, तर वाळूनं भरलेल्या चपला, नारळ नको म्हणणारं पोट आणि फरीदाचं ते वाक्य. ते काही जात नाही, जाऊही नये.

चार दिवसांनी पूड संपली, म्हणून दोघं कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. काउंटरसमोर उभी राहून मी ह्यांना मोठ्यानं मराठीत विचारलं, “अर्धा किलो घ्यायची का?” ह्यांनी दचकून आजूबाजूला बघितलं. मग घसा खाकरून तेही मराठीत म्हणाले, “घे की.”

दुकानदाराचा हात तराजूवरच थांबला. “टीचर, ही कुठली भाषा? तेलुगू?”

“मराठी. आमच्या घरची.”

“अय्यो! तीस वर्षं कॉफी नेताय, कधी बोलला नाहीत?”

मी म्हटलं, “पुस्तकात नव्हतं ना.”