रेडिओवर ऐकलेलं नाव

हे मी आजवर कुणापुढे काढलेलं नाही. बायको गेली, तिला ठाऊक नव्हतं, मुलांना ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल. सांगताना काही वाटेल असं वाटलं होतं — तसंही काही होत नाही.

पाकिस्तानशी लढाई झाली, बांगलादेश झाला, त्या हिवाळ्यात मी नांदेडला पोलिसांच्या गुप्तवार्ता शाखेत होतो. नाव मोठं, काम बसून करायचं. माझं शिक्षण निजामाच्या राजवटीत सुरू झालेलं, उर्दू पक्की. शहरात घरोघरी परदेशी केंद्रं ऐकली जायची. लोकांच्या कानावर काय पडतंय ते साहेबांना हवं असायचं. मी रेडिओपुढे बसायचो आणि रोज एक गोषवारा लिहायचो. अमेरिकेचं आरमार कुठवर आलं, चीन काय बोलला, रशियानं कुणाची बाजू घेतली, ढाक्याभोवती फौजा किती जवळ पोचल्या. नांदेडच्या एका कोंदट खोलीत बसून मी जगाची खबर ठेवायचो. मला त्याचा अभिमान होता — असणारच ना?

लढाईच्या सुरुवातीला मी शत्रूच्या केंद्राचा एक दावा जसाच्या तसा लिहिला होता. आपला एक विमानतळ उडवला, असा. दावा खोटा होता. साहेबांनी कागद माझ्यासमोर टाकला आणि शांतपणे विचारलं, ‘तू पगार कुणाचा खातोस?’ माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सांजेला, त्याच केंद्रावर युद्धकैद्यांची नावं वाचायला लागले. ते रोजच वाचायचे — नाव, बापाचं नाव, गाव. आवाज खरखरत होता. शेषराव वल्द मारोती सोनकांबळे. मौजे — गावाचा उच्चार त्यानं चुकवला, पण तालुका मुखेड, जिल्हा नांदेड हे साफ ऐकू आलं.

शेषराव माझ्या वर्गात होता. माझ्या वडिलांचं त्याच गावात कापडाचं दुकान; शेषरावचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. ते लोक बौद्ध झाले त्या वर्षी त्याच्या बापानं आमच्याकडून पांढरं कापड नेलं होतं — पायरीच्या खाली उभं राहून. दुकानात चढायची त्यांना मुभा नव्हती. पुढे शेषराव फौजेत गेला. बाप वारला. घरी त्याची आई धुरपतबाई आणि बायको.

तर ते नाव मी ऐकलं. पेन हातात होतं. लिहिलं नाही.

शत्रूचा दावा आहे, खोटा असेल, असं मनाशी म्हणालो का? म्हणालो. पण खोटं सांगायला त्यांना मुखेड तालुका कुठून माहीत होणार? हे मला त्याच क्षणी कळलं होतं. त्या दिवसाच्या गोषवाऱ्यात मी संयुक्त राष्ट्रांतल्या मतदानाबद्दल एक परिच्छेद लिहिला. चांगला लिहिला होता.

लढाई संपल्यावर बाजाराच्या दिवशी गावी गेलो. दुकानात बसलो होतो. धुरपतबाई आली, पायरीखाली उभी राहिली. तोवर तार आलेली होती — बेपत्ता. सोबत सून होती.

‘इसनाथआप्पा,’ धुरपतबाई म्हणाली, ‘तुमी रेडिओवर समद्या जगाचं ऐकता म्हनं. आमच्या शेषरावचं कायी कानावर आलं का?’

वडील शेजारी बसले होते. दोन गिऱ्हाइकं होती. ऐकलं ते बाहेर बोलायचं नाही हा नोकरीचा नियम होता, आणि लिहिलं का नाही हे कुणी विचारलं असतं.

‘न्हाई,’ मी म्हणालो.

‘आलं तर सांगा.’

‘हाव.’

ती पुढच्या बाजारी आली. त्याच्या पुढच्याही. दर वेळी तेच विचारायची, मी तेच सांगायचो. तिच्या चालीत काही फरक नाही, आवाजात नाही. एकटी गाठून कानात सांगता आलं असतं — जिवंत आहे, कैदेत आहे, कुणाला बोलू नको. एवढंच. आमच्या गल्लीतला कुणी असता, आमच्या जातीतला, आमच्या ओट्यावर बसणारा — तर सांगितलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला. उत्तर लगेच आलं.

मग तिच्या भावकीनं ठरवलं, बेपत्ता म्हणजे गेलाच. गेलेल्या माणसासाठी करतात तो पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम केला. त्यानंतर धुरपतबाईनं मला विचारणं बंद केलं. बाजारात दिसली तर मान वळवायची नाही, पण थांबायचीही नाही.

त्या वर्षी पाऊस आधीच दगा देऊन गेला होता. उन्हाळ्यात विहिरी आटल्या. सासू-सुना खडी फोडायला दुष्काळी कामावर जायच्या. तिथं खायला सुकडी मिळायची, ती धुरपतबाई सुनेला द्यायची. स्वतः खात नव्हती, असं लोक सांगतात. कामावरच बसल्या जागी गेली. मी गावी गेलो तेव्हा वडिलांनी जेवताना सांगितलं, ‘सोनकांबळ्याची म्हातारी गेली.’ मी भाकरी मोडली.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी कैदेतून शेषरावचं छापील कार्ड आलं. सुखरूप आहे. वर्ष संपता संपता तो परतला. त्या हिवाळ्यात मी गावी गेलोच नाही. माझी नोकरी कायम झाली होती.

पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला. नवी कचेरी, नवी टेबलं, रंगाचा वास. माझी तिकडं बदली झाली. पहिल्याच दिवशी फाटकावर माजी सैनिकांतून घेतलेला पहारेकरी उभा होता. शेषराव. त्यानं सलाम ठोकला आणि मग हसला.

‘आप्पा, वळखलं का?’

आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेतला. पैसे त्यानंच दिले, मला देऊ दिले नाहीत. कैदेतल्या गोष्टी सांगत राहिला — थंडी, डाळ, एक भला डॉक्टर. मग म्हणाला, ‘आमचे नावं रेडिओवर घेतले होते. तिथल्या सायबानं गावासकट लिहून नेलं. मला लई वाटायचं, कुनीतरी ऐकंल अन् मायला सांगंल. कुनी ऐकलंच नसंल.’

तो माझ्याकडं बघत होता. संशय नव्हता त्याच्या नजरेत. लढाईच्या वेळी मी कुठं काम करत होतो हे त्याला माहीत होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

‘नसंल,’ मी म्हणालो.

पुढं किती तरी वर्षं तो मला रोज सलाम करायचा आणि मी मान हलवायचो. त्याच्या मुलीच्या लग्नात मी पहिल्या रांगेत जेवलो. दोघंही निवृत्त झालो, लातुरातच राहिलो. कधी दालमिलच्या रस्त्यावर भेट व्हायची, गुडघ्यांच्या गोष्टी निघायच्या.

शेषराव गेल्या वर्षी वारला. मी मयतीला गेलो. त्रिशरण म्हणत होते तेव्हा मागं उभा होतो. त्याच्या मुलीनं मला पाहिलं, आतून खुर्ची आणवली, पाण्याचा तांब्या दिला. म्हणाली, ‘काका, बसा. बाबा तुमचं नाव लई काढायचे.’

मी बसलो. पाणी प्यालो.