उपाशीपोटी घेतलेलं इन्सुलिन

मलकापूरच्या एका शाळेत मी तेहतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर पाचव्या वर्षी, अंगणात कपडे वाळत घालताना पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. जिल्ह्यातल्याच एका मोठ्या दवाखान्यात मला भरती केलं. मुलगा पुण्याला नोकरीला, हे जाऊन सहा वर्षं झालेली, त्यामुळे माझ्याजवळ राहायला सून आली. ऑपरेशन होईपर्यंत हाड हलू नये म्हणून माझ्या पायाला पट्ट्या गुंडाळल्या, पट्ट्यांना दोरी बांधली, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला खाटेच्या कडेवरून वजनं सोडली. चार दिवस मी उताणी पडून होते. कूस बदलता येत नव्हती. वर छत, उजवीकडे भिंत, डावीकडे दुसरी खाट.

त्या खाटेवर पिंपळगाव राजाची एक म्हातारी मुसलमान बाई होती. तिचा हात मोडलेला, कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर. घरच्या माणसांशी ती उर्दू बोलायची, माझ्याशी वऱ्हाडी. मी तिला आपा म्हणू लागले, आणि मी शिकवणारी आहे हे कळल्यावर ती मला बाई म्हणू लागली. मोकळ्या हातानं ती माझ्या उशाशी पाण्याची बाटली सरकवून द्यायची. एवढीच आमची ओळख.

मला अठरा वर्षांपासून मधुमेह आहे. गेली चार वर्षं सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. माझ्या दुखण्याची मला चांगली माहिती होती, निदान मी तसं समजत होते. साखर उतरल्यासारखी वाटली की मी मनात एकोणतीसचा पाढा म्हणायची. अडखळले तर खडीसाखर तोंडात टाकायची. घरी हे नेहमीच जमलं होतं. दवाखान्यात मात्र सगळ्यांना धास्ती साखर वाढण्याची. पडल्याच्या धक्क्यानं ती वाढलीही होती. साखर आटोक्यात आल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून जो तो येऊन, गोड खाऊ नका, एवढंच बजावून जायचा. सुनेनं माझी खडीसाखरेची डबी पर्समध्ये टाकून कपाटात ठेवून दिली.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर सांगून गेले की सकाळी नऊला पहिलाच नंबर माझा, जेवणानंतर काही खायचं-प्यायचं नाही. खाटेच्या लोखंडी दांडीवर एक कागद चिकटवला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘उपाशी’.

सकाळी सातला तरुण सिस्टर आली, साखर तपासली आणि नेहमीचं इन्सुलिन भरू लागली. मी विचारलं, उपाशी असताना हे द्यायचं का? ती म्हणाली, शीटवर लिहिलंय मॅडम, आणि साखर जास्तच आहे. मी गप्प बसले. आजही मला त्या गप्प बसण्याचं नवल वाटतं. आयुष्यभर मुलांना सांगत आले की समजलं नाही तर पुन्हा विचारा. पण त्या खाटेवर, दवाखान्याच्या गाऊनमध्ये, पाय टांगलेल्या अवस्थेत, मला पुन्हा विचारायची लाज वाटली. तिला तिचं काम येत नाही असं मी म्हणतेय, असं वाटेल की काय, हा विचार मनात आला. तिनं सुई टोचली आणि ती पुढच्या खाटेकडे गेली.

नऊ वाजले, कोणी आलं नाही. हमरस्त्यावर जीपचा अपघात झाला होता, जखमी आले होते आणि डॉक्टर त्यांच्या ऑपरेशनला गेले होते. माझा नंबर पुढे गेला. दहाच्या सुमारास सुनेला रक्तपेढीतून रक्ताची पिशवी आणायला सांगितलं. ती म्हणाली, आई, अर्ध्या तासात येते. डायबिटीस म्हणून मला ग्लुकोज नव्हतं, साधं सलाईन थेंब थेंब चाललं होतं.

ती गेल्यावर थोड्या वेळानं मानेखाली उशी ओली लागली. आधी वाटलं, उकाडा आहे. मग बोटं थरथरू लागली. मी पाढा सुरू केला. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी. पुढचा आकडा आला नाही. पुन्हा सुरू केला, पुन्हा सत्त्याऐंशीलाच थांबले. काय होतंय ते मला कळलं होतं. कपाट तीन हातांवर होतं, त्यात पर्स, पर्समध्ये डबी. माझा पाय दोरीला बांधलेला. आपाला सांगता आलं असतं, पण मला तो कागद आठवला. खाल्लं तर ऑपरेशन रद्द होईल, चार दिवसांचे आठ होतील. नऊला होणार होतं, आता नेतीलच, असं म्हणत मी वाट पाहत राहिले. त्या वाट पाहण्यात जो वेळ गेला तेवढ्यात माझं डोकं माझ्या हातातून गेलं.

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. मावशी, म्हणजे वॉर्डातली आया, चादर नीट करायला आली तेव्हा मी तिला साखर मागायचं ठरवलं. तोंडातून भलतंच निघालं. मी तिला चोर म्हणाले. सिस्टर आली, तिलाही वाईट बोलले. मला ऐकू येत होतं की मी काय बोलतेय, आणि थांबता येत नव्हतं. ‘साखर’ हा शब्द माझ्यापाशी होता, स्वच्छ होता, फक्त जिभेपर्यंत येत नव्हता. मग मला तो पाय माझा वाटेनासा झाला. कुणीतरी माझ्या पायाला वजन बांधून मला विहिरीत सोडतंय असं वाटलं, आणि मी दोरी ओढू लागले, सलाईनची नळी ओढू लागले.

मावशी म्हणाली की आजी ऑपरेशनला भ्याल्या, असं पुष्कळांचं होतं. सिस्टरनं माझे खांदे धरले. दोघींनी मिळून पट्टीनं माझी मनगटं खाटेच्या दांड्यांना बांधली. हाड सरकू नये, सुई निघू नये म्हणूनच बांधली, हे आज समजतं. तेव्हा एवढंच कळलं की आता पाय बांधलेला, हात बांधलेले, आणि जीभ आधीच बांधलेली. मी ओरडायचं थांबले. शक्तीच उरली नव्हती. त्या दोघींना वाटलं, शांत झाली.

डावीकडून आपाचा आवाज आला. ती खाटेवरून उतरली होती आणि सिस्टरच्या वाटेत उभी होती.

“थे शांत नाही झाली,” ती म्हणाली. “तिची साखर उतरली. बोट टोचून पाहा.”

सिस्टरनं सांगितलं की सकाळीच तपासली, दोनशेच्या वर होती, आणि पेशंट उपाशी आहे, काही देता येत नाही.

“मी देऊ नाही राह्यली काही. तू बोट टोच. एक थेंब रगत पाह्य. माया बोलण्यात खोट निघाली त मी जाऊन निजते. तवरक मी इथून हालत नाही.”

वॉर्डातल्या बाकीच्या बायका बघू लागल्या. सिस्टरला बाजूनं निघता आलं असतं, पण ती वळली आणि मशीन घेऊन आली. आकडा आला अडतीस. नंतर आपानं मला सांगितलं की तो पाहून ती धावतच गेली. दुसरी, वयानं मोठी सिस्टर आली. हातातल्या सुईतूनच मला ग्लुकोजचं इंजेक्शन दिलं.

परत येणं फार विचित्र होतं. आधी छत आलं, मग पंखा, मग आपाचं तोंड. मी हात हलवायला गेले तर हलेना. मी विचारलं, “मले काऊन बांधलं?” शाळेत मी वऱ्हाडी कधी बोलले नाही, मुलांनाही बोलू दिली नाही. त्या दिवशी पहिलं वाक्य तेच आलं. तरुण सिस्टरनं गाठी सोडल्या.

सून रक्ताची पिशवी घेऊन आली तेव्हा मनगटांवरचे वळ अजून लाल होते. ती माझे दोन्ही हात धरून बसली. दुपारी डॉक्टर आले. त्यांनी शीट पाहिलं आणि म्हणाले की उपाशी पेशंटला हा डोस द्यायला नको होता, तो खोडायचा राहिला, चूक आमची आहे. शिवाय नंबर पुढे गेल्यावर दर तासाला साखर पाहायला हवी होती. मी म्हणाले, मीही एकदाच विचारलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. त्या सकाळी इन्सुलिन अगदी थोडं दिलं, सोबत ग्लुकोज लावलं, आणि तीच तरुण सिस्टर दर तासाला येऊन बोट टोचून गेली.

ऑपरेशननंतर दोन दिवसांनी मी आपाला विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ती प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं चोळत राहिली.

“माया घरचा मानूस,” ती म्हणाली. “त्यालेबी इन्सुलिन होतं. एक दिवस वावरातून आला दुपारी, जेवला नव्हता. मायावर चिडला, पोराईवर चिडला, घामानं भिजलेला. मंग निजला. मी पोराईले म्हटलं, गलका करू नका, बापाले झोपू द्या. वरून चादर टाकली.”

पुढचं तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिला सुटी झाली तेव्हा तिचा मुलगा घ्यायला आला. जाताना तिनं माझ्या सुनेला जवळ बोलावून बराच वेळ काहीतरी समजावलं.

काय समजावलं ते मला घरी आल्यावर कळलं. मी आता काठी घेऊन चालते. सून माझ्याजवळच राहिली आहे, मुलगा महिन्यातून एकदा येतो. मशीन फ्रीजवर असतं. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून मी बोलले, की सून निमूटपणे मशीन घेऊन येते. गेल्या आठवड्यात मुलानं फोनवर मला न विचारता घराच्या रंगाचं ठरवून टाकलं. मी तापले. सूनबाई समोर येऊन उभी राहिली. मी म्हणाले, अगं, मला खरंच राग आलाय. ती म्हणाली, हो आई, पण आधी बोट द्या. मी बोट दिलं. साखर एकशे चाळीस निघाली. मग तिनं खुर्ची ओढली आणि म्हणाली, आता बोला.